नऊ इंची नेटबुकवर स्नो लेपर्ड

२०१० च्या जानेवारीत माझा भाचा अमेरिकेहून सुटीवर आला, तेव्हा स्वतः वर्षभर वापरलेला एक नेटबुक, म्हणजे छोटा लॅपटॉप, त्याने माझ्यासाठी आणला. पडदा ८.९ इंचांचा, त्यावर १०२४ बाय ६०० पिक्सेल, आत १.६ गिगाहर्ट्झचा इंटेल ॲटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी रॅम आणि फिरत्या तबकडीऐवजी १६ जीबीची सॉलिड स्टेट डिस्क. पंखा नव्हता, फिरणारा एकही भाग नव्हता, त्यामुळे यंत्र चालू आहे की बंद हे कान लावूनही समजत नसे. शबनममध्ये टाकून सदाशिव पेठेतून अप्पा बळवंत चौकापर्यंत चालत गेले तरी खांद्याला त्याचे ओझे जाणवत नसे. "मामा, तुझ्या प्रुफांपुरता पुरेल," असे भाचा म्हणाला, आणि त्यावर होते ते विंडोज एक्सपी मी तसेच राहू दिले असते, तर तो खरोखरच पुरला असता.

मी मुद्रितशोधक आहे. पुस्तकांची मांडणी आणि मुखपृष्ठे करणाऱ्या माझ्या एका मित्राच्या टेबलावर आयमॅक होता आणि त्याच्या पडद्यावर देवनागरी अक्षर जसे दिसे, तसे माझ्या घरच्या संगणकावर कधीच दिसले नव्हते. एक्सपीवर मंगल हा टंक लहान आकारात वाचताना रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळल्यासारखे दिसत, आणि दिवसाचे आठ तास अनुस्वारच शोधत बसणाऱ्या माणसाला ही बाब किरकोळ वाटत नाही. मॅकबुक घेण्याची ऐपत नव्हती. लोकांना सांगायला एवढे कारण पुरेसे होते. खरे कारण असे, की मॅकवरची मॅक ओएस एक्स ही प्रणाली कर्त्यांनी ज्या यंत्रासाठी केलेलीच नाही, त्यावरही ती चालते असे मी या मित्राकडून ऐकले होते आणि ऐकल्या दिवसापासून मला चैन पडेना.

हे मुळात शक्य कसे झाले ते आधी सांगायला हवे, कारण पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळही तिथेच आहे. पॉवरपीसी सोडून इंटेलच्या प्रोसेसरकडे जाण्याचा निर्णय ॲपलने जून २००५ मध्ये जाहीर केला आणि जानेवारी २००६ पासून इंटेलवर चालणारे मॅक बाजारात येऊ लागले. त्या वर्षीच्या मॅक मिनीत आणि पहिल्या मॅकबुकमध्ये पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम इंटेलच्या जीएमए ९५० कडे होते, आणि एन२७० च्या जोडीला येणाऱ्या चिपसेटमध्येही तोच जीएमए ९५० होता. म्हणजे माझ्या नेटबुकला लागणारा ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे त्या चिपकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम, ॲपलने स्वतःच्या यंत्रांसाठी आधीच लिहून ठेवलेला होता. फक्त नेटबुकमधल्या चिपचा ओळखक्रमांक थोडा वेगळा असल्यामुळे 'हा आपल्याच घरातला आहे' अशी त्या ड्रायव्हरची खात्री पटवून द्यावी लागे. दुसरा फरक जास्त मोठा होता. तेव्हाचा मॅक ईएफआय या, यंत्र सुरू करून देणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमच्या आधारे सुरू होई, तर नेटबुकमध्ये त्याच कामासाठी जुन्या पद्धतीचे बायॉस होते. या दोहोंच्या मध्ये उभे राहून कर्नेलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, आपण मॅकवरच आहोत असे भासवण्याचे काम कॅमिलियन नावाचा, हौशी लोकांनी केलेला बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, करीत असे.

परवान्याचा प्रश्न मी टाळला नाही, पण सोडवलाही नाही. स्नो लेपर्डची, म्हणजे मॅक ओएस एक्सच्या १०.६ या आवृत्तीची, मूळ डीव्हीडी मी रोख पैसे देऊन विकत घेतली होती, मात्र तिच्यासोबतच्या करारात ही प्रणाली फक्त ॲपलचे नाव असलेल्या संगणकावरच बसवावी, असे स्पष्ट लिहिलेले होते. त्याच सुमारास, म्हणजे नोव्हेंबर २००९ मध्ये, फ्लोरिडातल्या सायस्टार या कंपनीविरुद्ध ॲपलने लढवलेल्या खटल्यात कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने ॲपलच्या बाजूने निकाल दिला होता. ही कंपनी साध्या पीसीवर मॅक ओएस एक्स बसवून ते संगणक विकत असे. प्रणालीच्या आत 'डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स' या नावाचा एक घटकच आहे, असे मित्राने मला दाखवले तेव्हा मी थोडा वरमलो. "डबा विकत घेतलास ना? मग झालं तर," असे तो म्हणाला. ते 'झालं तर' मला तेव्हाही पुरते पटले नव्हते आणि आजही पटलेले नाही, पण मी थांबलो नाही हेही खरे.

पहिले काम रॅम वाढवण्याचे होते. स्नो लेपर्डसाठी १ जीबीची अट होती, म्हणजे कागदोपत्री माझे यंत्र पात्र होते, पण मित्राने २ जीबीचा आग्रह धरला. तपकीर गल्लीत लॅपटॉपची डीडीआर टू रॅम मिळाली. दुकानदाराने नेटबुक उलटा करून खालच्या झाकणाचे दोन स्क्रू काढले, जुनी पट्टी तिरपी करून उचलली, नवी तशीच तिरपी सरकवून खाली दाबली, आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् करून बसल्या. सगळा मिळून दोन मिनिटांचा खेळ. त्याच गल्लीच्या तोंडाशी मी डीव्हीडी उतरवून घेण्यासाठी ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह स्वस्त मिळाला म्हणून घेतला, आणि तो स्वस्त का होता हे दुसऱ्या दिवशी मित्राकडे समजले: मोठी फाइल पूर्ण उतरल्याचे दिसे, पण तपासणीत ती चुकीची निघे, कारण आत प्रत्यक्षात २ जीबीच जागा होती आणि उरलेली सहा नुसती लेबलावर. चांगल्या कंपनीचा दुसरा घेतला. डीव्हीडीवरचा मजकूर ६ जीबीहून जास्त असल्याने ४ जीबीचा चालला नसता.

ही तयारी करायला एक खरा मॅक लागतो, हे या कामातले एक मौजेचे कोडे आहे. ज्याच्याकडे मॅक नाही त्यानेच हे करायचे आणि करण्यासाठी मॅक हवा. शनिवारी दुपारी मित्राच्या आयमॅकवर डिस्क युटिलिटीने डीव्हीडी पेनड्राइव्हवर उतरवली. त्याला तासाहून जास्त वेळ लागला. तेवढ्या वेळात दोन चहा झाले आणि एका कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठावरचा 'शृंगार' हा शब्द 'श्रुंगार' असा छापला जाण्यापासून वाचला. नंतर नेटबुकसाठीच केलेल्या एका छोट्या साधनाने त्या पेनड्राइव्हवर बूटलोडर चढवला. मी दोनशे पानी वहीत प्रत्येक पायरी लिहून घेत होतो आणि ती वही पुढे फार उपयोगी पडली.

प्रणालीची प्रत्यक्ष प्रतिष्ठापना मी घरी केली, आणि नेमकी गुरुवारी. पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा दिवस, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. उत्साहाच्या भरात वाराकडे लक्षच गेले नाही. या नेटबुकला फंक्शन कळांची स्वतंत्र ओळ नव्हती, म्हणून सुरू करताना बायॉसच्या मांडणीसाठी २ ही कळ आणि कोठून सुरू व्हायचे हे निवडण्यासाठी ० ही कळ दाबावी लागे. शून्य दाबले, पेनड्राइव्ह निवडला, कॅमिलियनचा पडदा आला आणि मित्राच्या सल्ल्यानुसार, आत काय चालले आहे ते दाखवत सुरू होण्याचा पर्याय मी दिला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकू लागल्या आणि अचानक थांबल्या. शेवटची ओळ होती: 'स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस.' थोड्या वेळाने तीच ओळ पुन्हा. मग पुन्हा. कचेरीत साहेब अजून आलेले नाहीत हे दर अर्ध्या तासाने उठून सांगणाऱ्या शिपायासारखी ती ओळ न चिडता येत राहिली.

याचा अर्थ मित्राने फोनवर समजावला. सुरुवातीला पेनड्राइव्ह वाचण्याचे काम बायॉस करते आणि बूटलोडर त्याच्या मदतीने कर्नेल व ड्रायव्हर उचलून मेमरीत ठेवतो. पण कर्नेल एकदा उभा राहिला की तो बायॉसला विचारत नाही, स्वतःच्या ड्रायव्हरने तोच पेनड्राइव्ह नव्याने शोधतो, आणि तो सापडला नाही तर ज्याच्यावर बसून आपण इथवर आलो त्याचीच वाट बघत थांबतो. उपाय अगदी साधा निघाला. पेनड्राइव्ह डावीकडच्या खाचेतून काढून उजवीकडच्या खाचेत लावला आणि यंत्र पुन्हा सुरू केले, तेव्हा त्या ओळीचा मागमूस न राहता पाच मिनिटांत भाषा निवडण्याचा पडदा समोर आला.

डिस्कची विभागणी जीयूआयडी पद्धतीने करायची, फॉर्मॅट मॅक ओएस एक्स्टेंडेड ठेवायचा, एवढे वहीत होते. डिस्कला नाव द्यायचे होते. मी हौसेने देवनागरीत 'सदाशिव पेठ' असे नाव दिले. त्या क्षणी मला ते फार सुचल्यासारखे वाटले. तीन आठवड्यांनी त्याची किंमत मोजावी लागली, ती पुढे येईलच. १६ जीबीत जागेची चैन नव्हती, म्हणून प्रिंटरचे ड्रायव्हर आणि इतर भाषांतले अनुवाद यांवरच्या खुणा काढून टाकल्या. निळी पट्टी पुढे सरकू लागली आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, आज गुरुवार. लाइट जायची वेळ झाली." ती गेलीच. पंखा थांबला, मोडेमचे दिवे विझले, आणि पट्टी निम्म्यावर असलेला नेटबुक आपल्या बॅटरीवर गुपचूप काम करीत राहिला. बॅटरी किती उरली आहे हे त्या पडद्यावर समजायला मार्ग नव्हता. पाऊण तास मी त्या पट्टीसमोर बसून होतो आणि त्या काळात दुसरे काहीही केले नाही.

ती पूर्ण झाली. पहिल्या वेळी पेनड्राइव्हवरच्याच बूटलोडरने आतली डिस्क सुरू केली, कारण आतल्या डिस्कवर स्वतःचा बूटलोडर अजून नव्हता. मग नेटबुक इन्स्टॉलर हे साधन चालवून तो तिथे चढवला आणि टचपॅडसाठी व आवाजासाठी लागणारे बदललेले ड्रायव्हर 'एक्स्ट्रा' नावाच्या वेगळ्या फोल्डरात ठेवले. हे फोल्डर वेगळे असण्यात शहाणपण होते: ॲपलच्या स्वतःच्या फाइलींना शक्य तितका हात लावायचा नाही, म्हणजे अपडेट येईल तेव्हा आपले सामान शाबूत राहील. वायफायचे कार्ड ब्रॉडकॉमचे होते आणि प्रणालीने त्याला एअरपोर्ट असे आपले नाव देऊन आपलेसे करून टाकले. कॅमेरा चालला, कार्ड वाचणारी खाच चालली, झाकण मिटले की यंत्र झोपे आणि उघडले की जागे होई. इतके सगळे चालेल अशी माझी अपेक्षा नव्हती, त्यामुळे दोन दिवस मी काहीतरी न चालणारे शोधत होतो.

ते सापडले पडद्याच्या उंचीत. मॅकवरच्या खिडक्या ६०० पिक्सेलांच्या उंचीसाठी केलेल्याच नव्हत्या. छपाईची चौकट उघडली आणि तिचे तपशील पसरले, की 'प्रिंट' हे बटन पडद्याच्या खालच्या कडेखाली जाई. चौकट वर सरकवावी, तर ती खिडकीच्या मथळ्याला चिकटलेली असे आणि खिडकी मेनूच्या पट्टीच्या वर जात नसे. दिसत नसलेले बटन रिटर्न दाबून चालवायचे, हे मी शिकलो. म्हणजे ज्याला मी हो म्हणतो आहे ते मला दिसत नाही, हे मान्य करून हो म्हणायचे. गोदी, म्हणजे डॉक ही प्रोग्रॅमांच्या चित्रांची पट्टी, खालून काढून डाव्या कडेला नेली तेव्हा मजकुराच्या तीन ओळी जास्त दिसू लागल्या, आणि तीन ओळी म्हणजे या पडद्यावर बरीच कमाई होती.

पण माझे खरे भांडण कळफलकाशी झाले. मी इन्स्क्रिप्ट वापरतो. १९९१ च्या भारतीय मानकात, आयएस १३१९४ मध्ये, समाविष्ट झालेली ही मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना समान आहे आणि मॅकवर 'देवनागरी' या नावाने ती तयारच मिळे. रोमन उच्चारांवरून टंकणाऱ्यांसाठी 'देवनागरी क्वर्टी' वेगळी होती. इन्स्क्रिप्टमध्ये 'क' च्या ओळीत उजवीकडे सरकत गेले, की अर्धविरामाच्या कळेवर 'च' येतो आणि त्याच्या शेजारी, इंग्रजी अवतरणचिन्हाच्या कळेवर, 'ट' आणि शिफ्ट धरून 'ठ'. नेटबुकमध्ये जागा वाचवण्यासाठी ही अवतरणचिन्हाची कळ त्या ओळीतून उचलून खाली स्पेसबारच्या ओळीत नेलेली होती आणि तिच्या मूळ जागी एंटरची कळ पसरली होती. इंग्रजी लिहिणाऱ्याला यामुळे एखाददुसऱ्या अवतरणचिन्हाची गैरसोय होत असेल. मराठीत 'ट' शिवाय चार शब्द लिहून पाहावेत.

बोटांना वीस वर्षांची सवय. 'मला वाटते' लिहायला गेलो की 'मला वा' होई, ओळ तुटे, आणि पुढच्या ओळीवर 'ते' एकटे उभे राही. 'पाटील' मधला 'पा' वर राही आणि 'ील' खाली जाई. एका लेखकाला पाठवलेल्या शंकांच्या यादीत 'पृष्ठ ४२' या जागी 'पृष्', मग नवी ओळ, मग '४२' असे गेले, आणि त्या गृहस्थांनी नम्रपणे विचारले की ही छपाईची चूक समजायची की माझी सूचना.

नव्या जागेची सवय करून पाहिली. आठवडाभर उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी यांच्यात त्या खालच्या कळेवरून तंटा चालू राहिला आणि दोघांपैकी कोणालाही ती मिळाली नाही. शेवटी युकेलीली हे, मॅकसाठी कळफलकाची स्वतःची मांडणी करून देणारे, मोफत साधन मित्राने दिले. आता प्रश्न असा की 'ट' ठेवायचा कुठे. इन्स्क्रिप्टच्या मूळ आराखड्यात झेड या कळेवर ऱ्हस्व 'ए' ची मात्रा आहे, 'ॆ' अशी. ती दक्षिणेकडच्या भाषांना लागते. मराठीच्या मजकुरात ती मी आयुष्यात एकदाही टंकलेली नव्हती. कळफलकातली ही एक रिकामी खोलीच म्हणायची. झेडवर 'ट' आणि शिफ्ट धरून 'ठ' बसवला, मांडणीला नाव दिले, यंत्रातून बाहेर पडून पुन्हा आत आलो, आणि डाव्या करंगळीने 'वाटाणा', 'ठिकठिकाणी', 'खटपट' असे शब्द पानभर लिहीत बसलो. तीन दिवसांत हात वळला.

एक निराशा इथेच नोंदवतो. ज्या अक्षरासाठी एवढे केले ते डोळ्यांना सुखाचे होतेच, पण ते मॅकच्या स्वतःच्या देवनागरी टंकात आणि टेक्स्टएडिटसारख्या मॅकच्या स्वतःच्या प्रोग्रॅमांतच. विंडोजवरून मंगल टंक नेऊन पाहिला, तेव्हा जोडाक्षरांचे हलन्त सुटे पडले, आणि त्या वेळच्या मॅकवरच्या वर्डमध्ये देवनागरीची जुळणीच होत नसे. म्हणजे लेखकांकडून येणाऱ्या वर्डच्या फाइली मी टेक्स्टएडिटमध्ये उघडून वाचत असे आणि दुरुस्त्या वेगळ्या यादीत लिहीत असे. पूर्वी कागदावर करीत होतो तेच, फक्त कागद नाही.

आता, डिस्कच्या नावाची किंमत मोजायला लावणाऱ्या अपडेटविषयी. मित्राने पहिल्याच दिवशी बजावले होते, "अपडेट विचारेल. तू दर वेळी नंतर म्हण. मला विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस." माझ्या डीव्हीडीवरची आवृत्ती १०.६ होती. नोव्हेंबर २००९ मध्ये आलेल्या १०.६.२ मध्ये कर्नेलमधून ॲटमची ओळख काढून टाकलेली होती. कर्नेल सुरू होताना प्रोसेसर कोणता हे तपासतो आणि तो त्याच्या यादीत नसेल तर पुढे जात नाही. ॲटम असलेला एकही मॅक ॲपलने कधी विकला नसल्याने त्यांच्या दृष्टीने कोणाचेच काही बिघडले नव्हते. हे सगळे मला माहीत होते, वहीत लाल शाईने लिहिलेले होते. फेब्रुवारीतल्या एका रात्री साडेबारा वाजता, एका चरित्राची सूची संपवून डोळे मिटत असताना ती चौकट आली आणि मी रिटर्न दाबले. बटन न वाचता रिटर्न दाबण्याची सवय या पडद्यानेच मला लावली होती, पण चूक माझीच. आमच्या २५६ केबीपीएसच्या जोडणीवर ते रात्रभर उतरत राहिले.

सकाळी सफरचंदाची आकृती आली, क्षणभर थांबली आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले. पुन्हा सफरचंद, पुन्हा तेच. चूक दाखवणारी एक ओळही नाही. चरित्राची सूची आतच होती आणि तिची दुसरी प्रत नव्हती.

मित्र छापखान्यात होता. मागे यंत्राची धडधड आणि त्यावर त्याचा आवाज, अशा अवस्थेत त्याने फोनवरून मला दुरुस्ती सांगितली. पेनड्राइव्ह सुरू कर, मेनूतून टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघड. पेनड्राइव्हवर मूळ डीव्हीडीचा जुना कर्नेल आहे, तो आतल्या डिस्कवर नेऊन ठेव, म्हणजे झाले. एका ओळीची आज्ञा होती.

"आता डिस्कचं नाव लिही," तो म्हणाला.

"सदाशिव पेठ आहे."

"रोमनमध्ये?"

"देवनागरीत."

थोडा वेळ नुसती यंत्राची धडधड ऐकू आली. प्रतिष्ठापनेच्या त्या टर्मिनलमध्ये देवनागरी टंकण्याची सोय नव्हती. डिस्कांची यादी काढली, तर माझ्या पेठेच्या जागी प्रश्नचिन्हांची एक लांबलचक माळ दिसली. वर नावात मोकळी जागा असल्याने आज्ञा तिथेच तुटली असती. "अरे, पेठेत राहतोस हे डिस्कला सांगायची काय गरज होती?" असे म्हणून त्याने छापखान्यातल्या कोणाला तरी थांबायला सांगितले आणि मग नाव न लिहिता डिस्क गाठण्याची युक्ती शोधली. पेनड्राइव्हचे नाव एम या अक्षराने सुरू होत होते. चौकोनी कंसात उद्गारचिन्ह आणि एम, कंस बंद, पुढे तारांकन: म्हणजे एमने सुरू न होणारे जे काही असेल ते. चौकोनी कंस फोनवर सांगणे किती अवघड आहे, हे मला त्या दिवशी समजले. "डावा. नाही, उभा. गोल नाही, कुरळा नाही, चौकटीसारखा." तिसऱ्या प्रयत्नात आत शिरलो. नवा कर्नेल नाव बदलून बाजूला ठेवला, जुना त्याच्या जागी उतरवला, यंत्र सुरू केले. सफरचंद आले, थांबले, आणि थांबूनच राहिले असे वाटत असताना डाव्या कडेला डॉक उगवला. पहिले काम सूचीची प्रत पेनड्राइव्हवर घेण्याचे केले आणि दुसरे डिस्कचे नाव बदलण्याचे. नवे नाव होते 'ए'.

यानंतर पद्धत ठरून गेली. ॲपल आपल्या एक्सएनयू या कर्नेलची मूळ संहिता प्रसिद्ध करते, आणि ॲटमची ओळख त्यात परत घालून नवे कर्नेल तयार करणारे स्वयंसेवक होते. त्यामुळे प्रत्येक अपडेटनंतर थोडे थांबले, की त्याला जुळणारा कर्नेल हाती येई. अपडेटचे पॅकेज स्वतंत्रपणे उतरवून चालवले, की शेवटी 'रीस्टार्ट' एवढे एकच बटन समोर उरत असे. ते न दाबता, मागे टर्मिनल उघडून आपला कर्नेल जागेवर ठेवायचा, जुना वेगळ्या नावाने शेजारी राहू द्यायचा, आणि मगच बटनाला हात लावायचा. नवा चालला नाही, तर बूटलोडरच्या पडद्यावर जुन्याचे नाव टंकून यंत्र उठवता येई. १०.६.३ पासून १०.६.८ पर्यंत मी हे दर वेळी वहीत खूण करीत केले. एकदा आवाज गेला आणि ड्रायव्हर पुन्हा बसवल्यावर आला, एवढा अपवाद सोडला तर विशेष काही घडले नाही. पेनड्राइव्ह मात्र चष्म्याच्या डबीत कायमचा राहायला आला.

जुलै २०११ मध्ये स्नो लेपर्डनंतरची लायन ही आवृत्ती आली आणि तिने किमान ६४ बिटांचा, कोअर टू ड्युओ किंवा त्यापुढचा प्रोसेसर मागितला. एन२७० हा ३२ बिटांचा. इथे बदललेला कर्नेल किंवा दिलेला खोटा ओळखक्रमांक काही करू शकत नव्हता. मित्राने फोन करून एवढेच विचारले, "मग?" मी म्हटले, "आठवर राहतो." १०.६.८ वर तो नेटबुक आणखी तीन वर्षे चालला. त्यावर मी दोन चरित्रे, एक कोश आणि मोजदाद न ठेवलेले दिवाळी अंक तपासले. अखेरीस बॅटरी फुगून खालचे झाकण उचलले गेले, तेव्हा तिला बाहेर काढले आणि यंत्र कपाटात ठेवले.

आता माझ्याकडे पूर्ण आकाराच्या कळफलकाचा, लिनक्सचा संगणक आहे आणि 'ट' आपल्या हक्काच्या जागी आहे. डावी करंगळी मात्र अजून झेडकडे जाते. परवाच एका कादंबरीच्या दुसऱ्या प्रुफावरच्या माझ्या टिपणात 'हे वाक्य तुटक वाॆते' असे गेले, आणि लेखिकेने समासात शिसपेन्सिलीने विचारले आहे, की हे कोणते चिन्ह, आणि ते मजकुरात घ्यायचे का.